हाडांनाही वेळेवर भूक लागते

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतील एक मावशी मोरीपाशी घसरून पडल्या. पडणे तसे साधेच, पण हात टेकला आणि मनगट मोडले. वय अवघे ५६. प्लास्टर घालता घालता डॉक्टरांनी विचारले, "मावशी, सकाळी काय खाता?"

"चहा घेते."

"चहाबरोबर?"

"काही नाही. आधी सगळ्यांचे डबे, मग धुणीभांडी. घरच्यांचे उरकले की दोन वाजता जेवते."

"आणि रात्री?"

"मुलगा कामावरून आला की. अकरा वाजतात."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे रात्री अकरापासून दुपारी दोनपर्यंत, पंधरा तास पोटात चहाशिवाय काही नाही. मावशी, पडलात म्हणून हाड मोडले हे खरे, पण एवढ्याशा पडण्याने मोडले, कारण ते आधीच ठिसूळ झाले होते."

आम्ही बाजूला उभे होतो. ऐकता ऐकता आपापल्या घरातील आई-बहिणींचे तास मनात मोजू लागलो. बहुतेकींचा हिशेब मावशींसारखाच निघाला.

भोंग्यावरचे जेवण

परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोडचे जेवण अनेक वर्षे गिरणीच्या भोंग्यावर चालले. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी मध्यरात्रीची. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसे असली, की चूल दिवसभर विझत नसे. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले. याच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पण शंभर ताटे वाढणारी बाई स्वतः कधी जेवली, हे कोणी विचारले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आज आपली मुले तिथेच सिक्युरिटीत बारा-बारा तास उभी राहतात, बहिणी चार घरची कामे करतात. भोंगा गेला, जेवणाची अवेळ मात्र राहिली.

हाड म्हणजे दगड नव्हे

हाड एकदा वाढले की संपले, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. हाड जिवंत असते. जुने झिजत जाते, नवे भरत जाते, जशी चाळीची डागडुजी चालते. तिशीपर्यंत भरणे जास्त, पुढे झीज जास्त. बाईची पाळी गेली की झीज एकदम वाढते.

शरीरातले जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेले थोडेसे रक्तात, पण हृदयाच्या ठोक्याला आणि स्नायूंना ते हवेच. जेवणातून कॅल्शियम आले नाही, की गळ्यातील चार छोट्या ग्रंथी हाडांना हुकूम सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात घातले जाते. हाडे म्हणजे आपले बँकेतले खाते. रोज थोडे काढायचे आणि भरायचे काहीच नाही, तर खाते रिकामे होणारच.

आता किती वेळा खावे याचा संबंध पाहू. रात्रभराच्या उपाशीपोटी हाडांची झीज वाढलेली असते. अन्न पोटात गेले, की आतड्यांतून सुटणारे काही रस ती झीज काही तास कमी करतात. हे रक्ताच्या तपासणीत दिसते. दुसरे असे, की आतडे एका वेळी ठरावीकच कॅल्शियम नीट शोषते. एकदम खूप आले तर त्यातला मोठा वाटा वाया जातो. म्हणून एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा तेच अन्न तीन-चार वेळा विभागून खाणे हाडांना मानवते.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी १९९९ साली उंदरांवर प्रयोग केला. तेवढेच अन्न दिवसभरात विभागून दिले, तेव्हा उंदरांची हाडे अधिक भरली. जपानच्या नारा वैद्यकीय विद्यापीठाने २०२५ साली नऊ लाखांहून अधिक प्रौढांची माहिती तपासली. सकाळचा नाश्ता वारंवार टाळणाऱ्या आणि झोपायच्या तोंडावर जेवणाऱ्या माणसांत ठिसूळ हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त दिसले. मात्र ही माणसे धूम्रपान जास्त आणि व्यायाम कमी करणारीही होती. तेव्हा सगळा दोष अवेळी जेवणाचाच, असे म्हणता येणार नाही. जास्त वेळा खाल्ले की हाडे पोलादी होतील, असेही नाही. खाण्यात काय आहे, हे आधी.

ताटात काय हवे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तिथल्या गरीब वस्तीतील ३० ते ६० वयाच्या २८९ स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या बायकांच्या रोजच्या जेवणात कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमहूनही कमी होते आणि हाडेही कमजोर होती. प्रौढ माणसाला रोज हजार मिलिग्रॅम लागते, पाळी गेलेल्या बाईला बाराशे.

हे भरून काढायला महागडे डबे नकोत. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे दोन भाकऱ्यांत. नाचणीला मोड आणून दळली तर ते अंगी अधिक लागते. दहा ग्रॅम तिळाची चटणी सव्वाशेच्या आसपास देते. पेलाभर दूध किंवा दही सव्वादोनशेच्या पुढे देते. त्याला शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी, आणि आपल्या घरचा जवळा किंवा काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी जोडा. खारी मासळी मात्र आधी भिजवून धुवा, कारण जास्त मीठ कॅल्शियम लघवीवाटे बाहेर काढते. पालकात कॅल्शियम असले तरी ते फारसे शोषले जात नाही. डाळ, उसळ, अंडे हवेच, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो.

वेळापत्रक असे ठेवता येईल: सकाळी चहाबरोबर रात्रीची भाकरी किंवा नाचणीची आंबील, दुपारी एकच्या आत जेवण, चार-पाचला मूठभर चणे-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू, रात्री आठ-साडेआठला जेवण. मुलगा अकराला येणार असेल तर त्याचे ताट झाकून ठेवा, स्वतः थांबू नका.

वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या उपासिका विचारतात, दुपारनंतर न जेवल्याने हाडे झिजतील का? निरोगी माणसाला महिन्यातील एखाद्या दिवसाने काही होत नाही. माध्यान्हाच्या आधीचे जेवण मात्र चौरस असावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अन्नाबरोबर ऊनही हवे. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत ते मिळत नाही. गच्चीवर किंवा मैदानात रोज थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून चाला, त्याने ड जीवनसत्त्व मिळते आणि हाडांना जोरही येतो. तंबाखू, विडी, मिश्री सोडा. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका. डॉक्टरांनी दिल्या तर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आतच आणि बहुतेक गोळ्या जेवणानंतर. साध्या पडण्याने हाड मोडले, उंची कमी झाली, पाठीला बाक आला, तर केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगाराला सलग पाच तासांहून जास्त राबवू नये, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे ठरवले. तो अर्धा तास कामगारांनी लढून मिळवला. घरात राबणाऱ्या बाईला हा अर्धा तास कोण देणार? त्याला कायदा लागत नाही. उद्या सकाळी डबा भरताना एक भाकरी तिच्यासाठी बाजूला काढा आणि ती खाईपर्यंत कोणी तिला हाक मारू नका.

मावशींचे प्लास्टर निघाले आहे. आता त्यांची सून सकाळी चहाबरोबर भाकरी आणि तिळाची चटणी त्यांच्यापुढे ठेवते, आणि स्वतःही शेजारी बसून खाते.