सरावात गेले, तेही वीरच!

लढाईत कामी आलेल्या जवानाचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याच्या गावात कमान उभी राहते, चौकाला त्याचे नाव दिले जाते, शाळेतली मुले त्याच्या फोटोला हार घालतात. परंतु लढाई चालू नसताना, नेहमीच्या सरावाच्या उड्डाणात ज्या वैमानिकाचा जीव जातो, त्याचे काय? ‘हेलिकॉप्टर कोसळून दोन अधिकारी ठार’ एवढी बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तो पेपर रद्दीत जातो. बंधू-भगिनींनो, त्या एका ओळीमागे केवढे दुःख आणि केवढे कष्ट असतात, ते आज आपण समजून घेऊ या.

३ ऑगस्ट २०२१, मंगळवारचा दिवस. पंजाबात पठाणकोटजवळ मामून ही लष्कराची छावणी आहे. तेथून ‘रुद्र’ जातीचे एक हेलिकॉप्टर सकाळी सरावासाठी निघाले. आत दोघेजण होते, लेफ्टनंट कर्नल ए. एस. बाठ आणि कॅप्टन जयंत जोशी. पंजाब आणि जम्मूच्या सीमेवर रावी नदीवर रणजित सागर धरण आहे. त्याच धरणाच्या पाण्यात हे हेलिकॉप्टर कोसळले आणि बुडाले.

‘रुद्र’ म्हणजे आपल्याच देशात बनलेल्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचा शस्त्रे बसवलेला प्रकार. लढाईत अशा हेलिकॉप्टरला शत्रूच्या रडारपासून लपावे लागते. म्हणून डोंगराच्या आडोशाने, जमिनीला आणि पाण्याला अगदी लागून उडण्याचा सराव वैमानिकाला सतत करावा लागतो. उंचावर काही बिघडले तर सावरायला थोडा तरी अवधी मिळतो. खाली उडताना तो मिळत नाही. शत्रू नसतो, पण धोका खराच असतो. ‘सराव’ हा शब्द ऐकून आपल्याला कवायत किंवा खेळ आठवतो. वैमानिकाचा सराव तसा नव्हे.

पंचाहत्तर दिवसांचा शोध

हे धरण काही लहान तळे नव्हे. लष्कराने त्यावेळी दिलेल्या माहितीप्रमाणे हा जलाशय २५ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद आणि ५०० फुटांहून अधिक खोल आहे. दिवस पावसाळ्याचे. पाणी इतके गढूळ की ५० मीटरच्या खाली डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हते. लष्कराचे आणि नौदलाचे पाणबुडे उतरले. पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळाचा ठाव घेणारी सोनार यंत्रे आणली गेली. वरून चालवता येणारी, पाण्याखाली फिरणारी यंत्रे सोडली गेली.

१५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, लेफ्टनंट कर्नल बाठ यांचे पार्थिव सापडले. कॅप्टन जोशी मात्र सापडले नाहीत. ऑगस्ट संपला, सप्टेंबर सरला, शोध चालूच राहिला. अखेर १७ ऑक्टोबरला ६५ ते ७० मीटर खोलीवरून त्यांचे पार्थिव वर काढण्यात आले. त्या वेळी अपघाताला ७५ दिवस झाले होते.

सत्तर मीटर म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. वीस मजली इमारतीहून अधिक खोल. तेथे माणसाच्या अंगावर पडणारा दाब जमिनीवरच्या दाबाच्या आठपट असतो. तिथून वर येताना घाई केली तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन पाणबुड्याचाच जीव जाऊ शकतो. म्हणून टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत वर यावे लागते. एका सहकाऱ्याला त्याच्या आईवडिलांच्या स्वाधीन करता यावे म्हणून हे सारे चालले होते. त्या पाणबुड्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

हा शोध चालू असतानाच २१ सप्टेंबरला आणखी एक आघात झाला. जम्मूकडे पटनीटॉपजवळ शिवगड धारच्या डोंगरात सरावावर असलेले ‘चीता’ हेलिकॉप्टर पडले. मेजर रोहित कुमार आणि मेजर अनुज राजपूत हे दोघे वैमानिक त्यात गेले. तेथे आधी धावून गेले ते आसपासचे गावकरी. त्यांनीच हाताशी मिळेल त्याची झोळी करून जखमींना डोंगरावरून खाली आणले. संकटाच्या वेळी पहिला हात गोरगरिबाचाच पुढे येतो, तो असा.

नाशिकमधून जाणारी वाट

या वैमानिकांची वाट आपल्या महाराष्ट्रातून जाते. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे शिक्षण नाशिकच्या गांधीनगर येथील शाळेत होते. तेथे छातीवर ‘विंग्ज’ लागल्या की तो किंवा ती वैमानिक होते. ‘ती’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. २५ मे २०२२ रोजी याच शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक बाहेर पडल्या आणि लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. आपल्या लेकींनीही हे स्वप्न जरूर पाहावे. पण मुलगा असो वा मुलगी, ज्या यंत्रात त्यांना बसवले जाते ते यंत्र चांगले आहे ना, हे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे.

हा हक्क काही स्त्रियांनी बजावला. ‘चीता’ची मूळ रचना फ्रान्सची, १९६९ साली पहिल्यांदा उडालेल्या यंत्राची. ‘चेतक’ तर त्याहून जुने. ही जुनी हेलिकॉप्टरे बंद करा, अशी मागणी घेऊन लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या आणि २०१५ साली त्यांनी त्यावेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांची भेट घेतली. नुसते रडत न बसता त्या जाब विचारायला गेल्या. कारखान्यात, रेल्वेत, गटारात काम करणाऱ्यांच्या घरांना हे वेगळे सांगायला नको. कामावर गेलेला माणूस परत आला नाही तर ‘अपघात होता, नशीब’ म्हणून आपली समजूत घातली जाते. नशिबावर बोट ठेवले की कारण शोधण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

कारण शोधले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी गुजरातेत पोरबंदरला तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ सरावाहून परतताना कोसळले. दोन वैमानिक आणि एक पाणबुड्या असे तिघे गेले. चौकशीत स्वॉशप्लेट नावाचा भाग तुटल्याचे आढळले. वैमानिकाने हातातला दांडा हलवला की तो हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारा हा भाग. तोच तुटला तर वैमानिक कितीही कुशल असला तरी काय करणार? त्या अपघातानंतर देशातली तीनशेहून अधिक ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरे जमिनीवर थांबवून तपासण्यात आली. त्या तिघांचे मरण उद्या इतर वैमानिकांचे प्राण वाचवील, ते या तपासणीमुळे.

आता घरच्यांच्या भाकरीचा प्रश्न. नियमाप्रमाणे शत्रूशी लढताना मरण आले तर कुटुंबाला जवानाच्या शेवटच्या पगाराएवढे निवृत्तिवेतन मिळते. कामावर असताना अपघातात मरण आले तर साधारणपणे त्या पगाराच्या ६० टक्के. कागदावर दोन मरणांची दोन खाती झाली. पण सासूबाईंचे औषध, मुलांची फी, घरभाडे यांना ही खाती कळत नाहीत. सरावात गेलेला वैमानिक काही आपल्या हौसेने उडाला नव्हता. हुकूम होता म्हणून तो उडाला. लढाईच्या दिवशी कमी जवान मरावेत म्हणूनच तर शांततेच्या दिवसांत हा सराव चालतो.

म्हणून यापुढे अशी दोन ओळींची बातमी दिसली तर ती घरात मोठ्याने वाचा. मुलांना नकाशात ते ठिकाण दाखवा, गेलेल्यांची नावे सांगा. आणि चौकशीत पुढे काय निघाले, हे विचारत राहा.

रणजित सागरच्या पाण्यात, पटनीटॉपच्या डोंगरात आणि पोरबंदरच्या धावपट्टीवर कर्तव्य बजावताना गेलेल्या या सर्वांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!