आखूड धावेचं इंजिन
अमेरिकेतल्या ‘ट्रान्स-ॲम’ शर्यतीत इंजिनाला ५ लिटरची मर्यादा होती. शेव्हरोलेचं ३२७ घनइंचांचं स्मॉल-ब्लॉक इंजिन त्यात बसेना, अन् २८३ चं अपुरं पडे. मग १९६७ च्या कमॅरो झेड/२८ गाडीसाठी जुगाडच केला म्हणा ना: ३२७ च्या ४ इंची सिलिंडरांखाली २८३ चा ३ इंची धावेचा क्रँकशाफ्ट. झालं ३०२ घनइंच! रुंद सिलिंडरावर मोठे व्हॉल्व्ह मावतात. पिस्टनची धाव आखूड, म्हणून फेरे वाढले तरी त्याचा वेग आवाक्यात राहतो. मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत हे इंजिन खुशाल पळे. कमी फेऱ्यांवर मात्र सुस्तच. कागदोपत्री ताकद २९० अश्वशक्ती. त्या आकड्यावर जाणकार अजून गालात हसतात, कारण खरी ताकद त्याहून जास्त होती. १९६८ आणि १९६९ ची ट्रान्स-ॲम अजिंक्यपदं कमॅरोनेच नेली.