रिसीव्हर आधी मागून पाहा

आपल्याकडे बऱ्याच घरांत आवाजाची हौस दोन टप्प्यांत आली. आधी गाणी ऐकण्यासाठी चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भरभक्कम स्पीकर. मग काही वर्षांनी मोठा टीव्ही, ओटीटी आणि घरातच थिएटर करावं ही इच्छा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घरात असतात, अडतं ते मधल्या यंत्रापाशी. चित्रपटाचा आवाज उलगडून पाच-सात स्पीकरांत वाटून देणारं आणि सगळ्यांचा आवाज एका रिमोटवर कमी-जास्त करणारं काहीतरी हवं असतं. दुकानात विचारलं की विक्रेता वॉटचा आकडा सांगतो. ज्याच्याकडे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे त्याला या आकड्याचा फारसा उपयोग नाही. त्याने रिसीव्हर फिरवायला सांगावा आणि मागची बाजू नीट पाहावी.

प्रोसेसर की रिसीव्हर?

या कामासाठी दोन प्रकारची यंत्रं मिळतात. प्रोसेसर, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, डॉल्बी आणि डीटीएसचा सिग्नल उलगडतो, खोलीनुसार आवाज दुरुस्त करतो आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. रिसीव्हर ही सगळी कामं करतोच, शिवाय त्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायरही असतात. त्यामुळे प्रोसेसर स्वस्त असेल असं वाटतं, पण बाजारात नेमकं उलटं दिसतं. रिसीव्हर मोठ्या संख्येने बनतात. प्रोसेसर घेणारे मोजकेच, त्यामुळे संशोधन आणि परवान्यांचा खर्च थोड्या नगांवर पडतो. मॅरँट्झचा एव्ही७७०६ हा नुसता प्रोसेसर त्याच सुमाराच्या अ‍ॅम्प्लिफायरसकट येणाऱ्या मधल्या दर्जाच्या रिसीव्हरपेक्षा बराच महाग होता.

म्हणून बेताच्या खर्चात थिएटर करणाऱ्याने रिसीव्हरच घ्यावा आणि त्याचाच प्रीअ‍ॅम्प करावा. आतले अ‍ॅम्प्लिफायर रिकामे राहिले तर पैसे वाया गेले असं मनात आणू नये. मागचे आणि छतावरचे स्पीकर त्यांच्यावर चालवता येतात आणि आपला चांगला अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या स्पीकरांसाठी ठेवता येतो.

प्री-आउट मोजा

स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा तर रिसीव्हरच्या पाठीवर ‘प्री-आउट’ असं लिहिलेली आरसीए सॉकेट हवीत. गल्लत इथेच होते. स्वस्त रिसीव्हरवर प्री-आउट हा शब्द दिसतो, पण तो फक्त सबवूफरचा किंवा दुसऱ्या खोलीच्या झोनचा असतो. काहींवर पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरांपुरती जोडी असते. सगळ्या चॅनलांची सॉकेट साधारणपणे मधल्या श्रेणीपासून मिळतात. डेनॉनच्या एव्हीआर-एक्स३८००एच या रिसीव्हरमध्ये नऊ अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि अकरा चॅनल व चार सबवूफरपर्यंतची प्री-आउट आहेत. त्याच मालिकेतल्या खालच्या एक्स२८००एचमध्ये ती सोय नाही. ऑन्कियोच्या टीएक्स-आरझेड५० मध्येही अकरा चॅनलांची प्री-आउट मिळतात.

तुमच्याकडे फक्त स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर पुढच्या जोडीची प्री-आउटही पुरतात. तो इंटिग्रेटेड प्रकारचा, म्हणजे स्वतःची व्हॉल्यूमची कळ असलेला असेल, तर त्यावर ‘होम थिएटर बायपास’ आहे का ते बघा. असेल तर चित्रपटाच्या वेळी त्याची व्हॉल्यूमची कळ आपोआप बाजूला पडते. नसेल तर कळ एका ठरावीक जागी ठेवा, तिथे खूण करा आणि खोलीची मोजणी त्याच जागी करा.

व्होल्टचं गणित

प्री-आउट आहेत एवढ्यावर भागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीने चालवण्याइतका सिग्नल त्यांतून मिळायला हवा. बऱ्याच पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २९ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे आत येणारा व्होल्टेज सुमारे २८ पट होऊन बाहेर पडतो. १ व्होल्ट दिला की २८ व्होल्ट मिळतात. २८ चा वर्ग करून ८ ओहमने भागला की उत्तर येतं सुमारे ९८ वॉट. त्याच अ‍ॅम्प्लिफायरकडून २०० वॉट हवे असतील तर सुमारे १.४ व्होल्ट द्यावे लागतात. पण अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २३ डेसिबलच असेल, तर २०० वॉटसाठी २.८ व्होल्ट लागतात. तिथे साध्या रिसीव्हरची दमछाक होते आणि आवाज फाटतो.

आपल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपुस्तिकेत गेन किंवा ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ दिलेली असते. तो आकडा लिहून दुकानात न्यावा. १ ते १.५ व्होल्टमध्ये पूर्ण ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक चांगल्या रिसीव्हरांशी जुळतो.

इथे आणखी एक बारकावा आहे. स्पीकर जोडलेले नसले तरी रिसीव्हरच्या आतले अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल घेतच असतात. सिग्नल वाढला की ते आपल्या मर्यादेला टेकतात आणि त्याचा वाईट परिणाम प्री-आउटवर होऊ शकतो. म्हणून आतले अ‍ॅम्प्लिफायर सर्किटमधून बाजूला काढण्याची सोय, ‘प्री-अ‍ॅम्प मोड’, असलेला रिसीव्हर निवडावा. वर सांगितलेल्या डेनॉनमध्ये ती आहे.

एचडीएमआयची खरी गरज किती?

छतावरच्या स्पीकरांतूनही आवाज देणारं घरगुती डॉल्बी अ‍ॅटमॉस २०१४ मध्ये आलं. त्याआधीच्या रिसीव्हरमध्ये ते सापडणार नाही. पण ४के साठी नवाच रिसीव्हर हवा, हे मात्र खरं नाही. ओटीटीची पेटी आणि इतर यंत्रं थेट टीव्हीला लावावीत आणि टीव्हीकडून आवाज एचडीएमआयच्या एआरसी सॉकेटमधून रिसीव्हरकडे न्यावा. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं आणि ते साध्या एआरसीवरूनही जातं. ब्लू-रेवरचा संपूर्ण, काहीही न गमावता दाबलेला डॉल्बी ट्रूएचडी टीव्हीमार्गे न्यायचा असेल तरच ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, लागते. ऑप्टिकल केबलवर भिस्त ठेवू नका. तिच्यातून अ‍ॅटमॉस जात नाही.

म्हणून ज्याचं सगळं पाहणं ओटीटीवर आहे त्याने दोन-तीन वर्षं वापरलेला, सर्व प्री-आउट असलेला वरच्या श्रेणीचा रिसीव्हर घ्यावा. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या पण अपुऱ्या रिसीव्हरपेक्षा तो केव्हाही बरा. फक्त प्रत्येक प्री-आउट चालू करून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी आणणार असाल तर पाठीवरचा व्होल्टेज वाचा. तिथली बरीच यंत्रं फक्त १२० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर जळतील. त्यांना पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत हिशेबात धरावी लागते.

खोलीची दुरुस्ती

‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. तो वाद्यवृंद आपल्या टाइल्सच्या आणि सपाट भिंतींच्या हॉलमध्ये वाजू लागला की काही खालचे स्वर घुमतात आणि काही गायब होतात. नवा अ‍ॅम्प्लिफायर आणून हे सुधारत नाही. ते सुधारतं स्पीकरांच्या जागेने, पडदे-गालिच्यांनी आणि रिसीव्हरमधल्या खोली-दुरुस्तीच्या प्रणालीने. डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये ऑडिसी असते, तर ऑन्कियोच्या आरझेड५० मध्ये स्वीडनच्या डिरॅक कंपनीची प्रणाली मिळते. रिसीव्हर निवडताना प्री-आउटखालोखाल महत्त्व हिलाच द्यावं.

मोजणी करताना माइक सोफ्यावर ठेवू नका. कानाच्या उंचीवर, तिपाईवर लावा आणि पंखा बंद करा. मोजणीनंतर तीन मीटरवरचा सबवूफर पाच मीटरवर दाखवला तर घाबरून आकडा बदलू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला होणारा उशीर रिसीव्हर अंतरात मोजतो आणि म्हणून तो आकडा बरोबर असतो.

गुणगुण आली तर

यंत्रं वेगळी झाली की कधी कधी स्पीकरांतून सतत गुणगुण येऊ लागते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झची असते. दोन ठिकाणांहून अर्थिंग मिळालं की हे घडतं. पुष्कळदा दुसरी वाट डिश किंवा केबल टीव्हीच्या वायरीतून येते. सेट-टॉप बॉक्सची ती वायर काढून बघा. गुणगुण लगेच थांबली तर कारण सापडलं. त्या वायरीवर आयसोलेटर लावावा आणि रिसीव्हर, अ‍ॅम्प्लिफायर, सबवूफर एकाच पॉइंटवरून चालवावेत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. ती पिन जिवासाठी आहे.

दिवाळीच्या सवलतींत वॉट आणि चॅनलांचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातील. त्यांच्याआधी चार गोष्टी विचारा: किती चॅनलांची प्री-आउट आहेत, ती किती व्होल्ट देतात, आतले अ‍ॅम्प्लिफायर बंद करता येतात का आणि खोलीची दुरुस्ती कोणत्या प्रणालीने होते. चारही उत्तरं पटली तर रिसीव्हर मधल्या श्रेणीचा असला तरी पुरे. प्रोसेसरचा नाद सोडून जे पैसे वाचतील त्यांतून मधला स्पीकर चांगला घ्या. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच तोंडून ऐकायचे आहेत.