मुलास प्रथमच आंकडी येते तेव्हां

खेळतां खेळतां मूल एकाएकीं ताठ होतें, डोळे फिरतात, हातपाय झटके देऊं लागतात. घरांत कांदा नि चप्पल हुंगविण्याची धांवपळ उडते. तिचा उपयोग कांहींच नसतो. तोंडांत चमचा घातल्यास दांत मोडण्याचें भय मात्र असतें. मुलास कुशीवर वळवावें, घड्याळ पाहावें. ५ मिनिटांत आंकडी न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

डॉक्टरांसमोर आंकडी क्वचितच येते. म्हणून कोणता हात आधीं हालला, शुद्ध केव्हां आली, हें आईबापांनीं टिपलेलें वर्णनच निदानाचा मोठा आधार ठरतें. एक आंकडी म्हणजे अपस्मार नव्हे. तपासणी मात्र अवश्य करावी. औषध चालू झाल्यास आपमतानें थांबवूं नये. शाळेपासूनही दुखणें लपवूं नये. शिक्षकांस ठाऊकच नसेल, तर ते मुलास सांवरणार कसे?