उरलेल्या मातीचे काय होते?

दिवाळी जवळ आली, की मॉरिशसमधील अनेक घरांत मातीच्या पणत्या येतात. पणती ती केवढीशी! पण ती घडवताना कितीतरी माती हाताला, चाकाला आणि टेबलाला चिकटून राहते. ती माती पुढे कोठे जाते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

आमच्या गावात मातीकामाची एक खोली आहे. ती कोणा एकाची नाही. तेथे चार चाके आहेत, एक लांब टेबल आहे आणि विजेवर चालणारी एक भट्टी आहे. मोठी माणसे आणि शाळेतील मुले तेथे काम करतात. मातीचे पैसे सर्वांनी मिळून भरायचे. माती पिशव्यांत भरून दूर देशातून जहाजाने येते, त्यामुळे ती स्वस्त नसते.

सुरुवातीला आम्ही सगळे नळाखाली हात धूत असू. माती पाण्याबरोबर दिसेनाशी होई. आम्हांला वाटे, गेली! पण ती गेली नव्हती. ती नळीच्या वळणात जाऊन बसत होती. एका शनिवारी पाणी तुंबले आणि खोलीभर चिखल झाला. नळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी नळी उघडली, तर आतून कणकेसारखा मऊ गोळा बाहेर आला.

"अहो बाई, ही तर चांगली माती आहे. फेकता कशाला?" काका म्हणाले. मला फार लाज वाटली.

त्या दिवसापासून नळाजवळ तीन बादल्या आल्या. हात आणि हत्यारे पहिल्या बादलीत धुवायची, मग दुसऱ्या आणि शेवटी तिसऱ्या बादलीत. रात्रभरात माती तळाशी बसते व वर निवळ पाणी राहते. ते पाणी पुन्हा धुण्यासाठी वापरायचे. तळाचा गाळ मातीच्या मोठ्या पिंपात टाकायचा. चुकलेली भांडीही त्याच पिंपात जातात. मात्र ती भाजलेली नसावीत.

येथे एक गंमत आहे. पिंपात टाकण्यापूर्वी माती पूर्ण वाळवावी लागते. हे ऐकून मुले हसतात. भिजवायची आहे, तर वाळवायची कशाला? तुम्हीच करून पाहा. एका पेल्यात मातीचा सुकलेला तुकडा टाका आणि दुसऱ्या पेल्यात ओलसर तुकडा. सुकलेल्या तुकड्यातून बुडबुडे येतील आणि थोड्याच वेळात तो फुटून त्याचा चिखल होईल. ओलसर तुकडा मात्र बराच वेळ तसाच राहील. सुक्या मातीच्या कणांमध्ये रिकामी जागा असते. तेथे पाणी जोराने शिरते, आतील हवा बाहेर ढकलते आणि तुकडा मोडतो. ओल्या तुकड्यात ती जागा आधीच पाण्याने भरलेली असते.

चिखल दाट झाला, की तो प्लॅस्टरच्या जाड लादीवर पसरतात. प्लॅस्टर त्यातील पाणी शोषून घेते. मग माती उचलून खूप मळायची. आत हवा राहता कामा नये. नीट मळलेली ही माती नव्या मातीइतकीच कामाची असते. मला तर ती चाकावर अधिक आवडते.

पण पिंप सर्वांचे असते, म्हणून एकाची चूक सर्वांना भोगावी लागते. एकदा लादीचा कोपरा फुटला आणि प्लॅस्टरचे बारीक तुकडे मातीत गेले. कोणाच्याच ते लक्षात आले नाही. भांडी भाजून झाली तेव्हा छान दिसत होती. काही दिवसांनी मात्र त्यांच्या अंगावरून टवके उडू लागले. मातीत अडकलेले प्लॅस्टर भाजल्यानंतर हवेतील ओल घेते आणि फुगते, म्हणून असे होते. एका मुलीने आजीसाठी केलेली वाटी अशीच गेली. आता लादीची कड रोज पाहिली जाते. तांबड्या आणि पांढऱ्या मातीची पिंपेही वेगळी ठेवली आहेत. तांबडी माती कमी उष्णतेत पक्की होते. पांढऱ्या मातीइतकी उष्णता दिली, तर ती वितळूही शकते.

भाजलेली माती मात्र पुन्हा कधी मऊ होत नाही. भट्टीत सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की तिच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते. मग ती कितीही भिजवा, चिखल होणार नाही. म्हणून भट्टीत ठेवण्यापूर्वी प्रत्येक भांडे नीट पाहायचे. आवडले नाही, तर ते तेव्हाच पिंपात टाकायचे. भाजल्यावर फुटलेच, तर खापराचे तुकडे कुंडीच्या तळाशी घालता येतात. खापराचा भुगा ताज्या मातीत मिसळला, तर भांडे वाळताना कमी आकसते आणि कमी तडकते. कुंभार ही युक्ती फार प्राचीन काळापासून करत आले आहेत.

भांड्यांना चकाकी देणाऱ्या झिलईची गोष्ट वेगळी. तिच्यात काही वेळा विषारी धातू असतात. ती नळात ओतायची नाही आणि मातीच्या पिंपातही टाकायची नाही. तिच्यासाठी झाकणाची निराळी बादली आहे. सगळ्या रंगांची उरलेली झिलई तेथे एकत्र होते. तिचा रंग कसा येईल, हे आधी लहान तुकड्यावर भाजून पाहतात. बहुतेक वेळा तपकिरी येतो!

खोली झाडण्यासाठी केरसुणी वापरत नाहीत. सुक्या मातीची बारीक धूळ छातीत गेली, तर फुप्फुसांना इजा होते. ओल्या फडक्याने टेबल पुसायचे आणि फडके पहिल्या बादलीत पिळायचे. म्हणजे तीही माती परत येते.

भट्टी अर्धी रिकामी असेल, तर पेटवत नाहीत. थोड्या भांड्यांसाठीही जवळजवळ तेवढीच वीज लागते. आपल्या बेटावर काही वीज उसाच्या चोथ्यापासून होते, पण बरीचशी बाहेरून आणलेल्या कोळशावर व तेलावर होते.

१९९७ सालापासून बेटावरील कचरा मार शिकोझ येथे पुरला जातो. आमच्या खोलीतून तेथे आता काय जाते? मातीच्या रिकाम्या पिशव्या आणि झिजलेले स्पंज. पिशव्यांतही आम्ही अर्धवट झालेली भांडी झाकून ठेवतो, म्हणजे ती लवकर वाळत नाहीत. पिशवी अगदी फाटली, तरच ती कचऱ्यात जाते.

गेल्या दिवाळीच्या पणत्या आम्ही पिंपातल्या मातीच्याच केल्या. काहींच्या कडा वाकड्या झाल्या. त्या भाजण्याआधीच मुलांनी मोडल्या आणि पुन्हा पिंपात टाकल्या.