गळाच्या आमिषासाठी गांडुळे : ती कोठून घ्यावीत व कशी राखावीत

मुळा नदीच्या काठी किंवा हिंजवडीच्या वायव्येस असलेल्या कासारसाई धरणाच्या पाण्यावर गळ टाकणारास गांडुळाइतके स्वस्त व खात्रीचे आमिष दुसरे नाही. वाम व शिंगटा हे तळाशी वावरणारे मासे गांडुळास विशेष लुब्ध होतात. चिलापी व लहान मरळही ते सहसा सोडीत नाहीत. रोहू व कटला यांच्यासाठी मात्र कणकेचा गोळाच बरा. गांडुळास कोठे दानवे, तर कोठे काडू म्हणतात. नाव कोणतेही असो, ते मिळविण्याची रीत बहुतेकांची एकच असते. पाऊस पडला की कुदळ घ्यावयाची व जवळच्या बांधाची ओली माती उकरावयाची. ही रीत शेतास हानिकारक आहे, आणि तीतून मिळणारे आमिषही फारसे चांगले नसते.

हानी कशी होते ते प्रथम पाहू. मुळशी तालुका हा भाताचा मुलूख. हिंजवडी, माण व मारुंजी या गावांची पुष्कळशी जमीन माहिती तंत्रज्ञान उद्यानाखाली व इमारतींखाली गेली असली, तरी पश्चिमेकडील गावांत भातखाचरे अद्याप आहेत. खाचराचा बांध ऐन पावसात हातभर उकरला की तेथील माती भुसभुशीत होते, पाणी त्याच जागी वाट काढते आणि भरलेले खाचर निथळून जाते. लावणीच्या दिवसांत हे नुकसान लहान नव्हे. शिवाय ज्या जमिनीतून गांडुळे काढली जातात ती जमीनही तितकी दरिद्री होते. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे नमूद केले आहे की, इंग्लंडच्या अनेक भागांत दरसाल एकरी १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. इतके काम करणारा गडी आमिषापायी शेतातून काढून नेणे शहाणपणाचे नाही.

आता आमिषाचा विचार. गांडुळांच्या जाती अनेक असल्या तरी गळ टाकणाराने त्यांचे दोन वर्ग ध्यानात ठेवावेत. पहिला वर्ग शेतातील मातीत खोल बिळे करून राहणाऱ्यांचा. ही गांडुळे फिकट, मातकट रंगाची असतात. त्यांची वाढ सावकाश होते, आणि उन्हाळ्यात जमीन वाळली की ती खोल जाऊन अंगाची गाठ करून निपचित पडतात. दुसरा वर्ग शेणखतात व कुजत्या पाचोळ्यात राहणाऱ्यांचा. ही गांडुळे सडपातळ व तांबडी असून भराभर वाढतात आणि हात लागताच वळवळतात. आपल्या देशातील पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही जात या वर्गातील होय. तिच्या पाठीवर उजेडात जांभळट निळी झाक दिसते. पाण्यातील मासा वळवळीनेच आकर्षित होत असल्याने गळासाठी हा दुसरा वर्ग सरस. यास्तव आमिष घ्यावयाचे ते उकिरड्यातून, शेतातून नव्हे.

हिंजवडीच्या परिसरात गोठे कमी झाले, तसे उकिरडेही कमी झाले. तरीही शोधणारास जागा सापडतात. गोठ्यामागील जुन्या शेणाच्या ढिगाची सावलीकडील बाजू, मळ्यातील पाटाच्या कडेला साचलेला पाचोळा, उसाच्या कुजत्या पाचटाचा तळ, रोपवाटिकेतील कुंड्यांखालची ओल, या सर्व जागा उत्तम. जुन्या घरांच्या परसात मोरीच्या पाण्यावर केळ व अळू लावलेले असते, तेथेही पूर्वी हमखास गांडुळे मिळत. आता त्या पाण्यात धुण्याच्या पावडरीचा अंश फार असतो, म्हणून ती जागा पूर्वीसारखी भरवशाची राहिलेली नाही. बांधकामाचा राडारोडा व मुरूम टाकलेल्या जागी शोधण्यात वेळ दवडू नये. गांडूळ आहे की नाही याची खूण म्हणजे पृष्ठभागावरील बारीक गोळ्यांची रवाळ विष्ठा. ती ओली व ताजी असेल तर गांडूळ जवळच आहे असे समजावे.

नाल्याकाठची काळी, मऊ माती पाहून मोह होतो. तेथे गांडुळे असतातही. पण ती घेऊ नयेत. सांडपाण्यातून येणारे कॅडमियम, जस्त यांसारखे धातू गांडुळांच्या शरीरात साचतात, हे अनेक ठिकाणच्या तपासणीत दिसून आले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या यादीत मुळा व पवना या दोन्ही नद्यांचे पुण्याजवळील पट्टे प्रदूषित म्हणून दाखविले होते. अशा पट्ट्यातील आमिष हाताळू नये व तेथील मासाही खाऊ नये. गळ टाकावयाचा तो शहराच्या वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यात.

गांडुळे काढण्यास कुदळ नको. तिने निम्मी तुटतात. तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळे होतात ही समजूत चुकीची आहे. शेपटीकडील तुकडा बहुधा मरून जातो. सोपी रीत अशी : खताच्या ढिगाच्या कडेवर सायंकाळी पाणी शिंपडावे, त्यावर ओले गोणपाट पसरावे व वर थोडे गवत टाकावे. सकाळी ऊन येण्यापूर्वी गोणपाट उचलले की त्याखाली गांडुळे जमलेली दिसतात. ती बोटांनी किंवा बोथट खुरप्याने अलगद उचलावीत. पावसाच्या रात्री ती आपण होऊन वर येतात. अशा वेळी विजेरीच्या काचेवर तांबडा कागद लावावा. तांबड्या उजेडाची जाणीव त्यांना फारशी होत नाही. बिळातून अर्धे बाहेर आलेले गांडूळ ओढू नये. त्याच्या अंगावरील बारीक ताठ केसांनी ते बिळास घट्ट धरून असते. नुसते धरून ठेवावे. क्षणभरात त्याची पकड सैल होते. साबणाचे पाणी, मोरचूद किंवा विजेचा प्रवाह वापरून गांडुळे बाहेर काढण्याचे प्रकार सर्वथा वर्ज्य समजावेत. पहिल्या दोहोंनी जमीन बिघडते, तिसऱ्याने माणसाच्या जिवास धोका असतो.

डोक्याकडील बाजूस अंगठीसारखा फुगीर पट्टा असलेली गांडुळे पूर्ण वाढलेली समजावीत. सकाळच्या एका बैठकीस अशी तीस-चाळीस गांडुळे पुरतात. एका ढिगातून त्याहून अधिक घेऊ नयेत व उचललेले खत पुन्हा झाकून टाकावे.

येथे एक अडचण उभी राहते. गांडुळे विपुल असतात ती मृग व आर्द्रा नक्षत्रांच्या पावसात. त्याच सुमारास मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर चढतात. चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो एक धरला तर पुढील वर्षाचे अनेक मासे गेले. म्हणजे आमिष जमविण्याचा हंगाम व गळ टाकण्याचा हंगाम एक नव्हे. हस्ताचा पाऊस सरून पाणी निवळते तेव्हा गळास मासा चांगला लागतो, पण तोवर वरची माती वाळू लागते आणि गांडुळे दिसेनाशी होतात. यावर उपाय एकच. पावसाळ्यात थोडी गांडुळे आणून ती घरी जोपासावीत.

त्यासाठी २ फूट लांब, दीड फूट रुंद व १ फूट खोल असा लाकडी खोका पुरे. तळाला भोके पाडून विटांचे तुकडे व नारळाची सोडणे पसरावीत. त्यावर ६ इंच अर्धवट कुजलेले शेणखत व वर भाताचा पेंढा घालावा. ताजे शेण कधीही घालू नये. ते तापते व गांडुळे मरतात. शेदोनशे गांडुळे सोडून खोका सावलीत ठेवावा. ओल किती असावी, तर खत मुठीत दाबले असता एखाद-दुसरा थेंब निघावा इतकीच. भाजीचा पाला चालतो. मीठ, मिरची, लिंबाची साले व चुलीतील राख चालत नाही. खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्यांचा उपद्रव टळतो. गांडूळखतासाठी मिळणारी परदेशी जात आयसेनिया फेटिडा हीही खोक्यात चांगली वाढते. मात्र तिला दुखावले की तिच्या अंगातून उग्र वासाचा पिवळसर रस सुटतो व काही मासे ती नाकारतात, म्हणून देशी जात असल्यास तीच पसंत करावी.

गळास जाण्यापूर्वी दोन दिवस लागणारी गांडुळे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यांत निराळी ठेवावीत. पोटातील माती निघून जाते, कातडी चिवट होते व गांडूळ गळावरून सहसा निसटत नाही. नेताना भोके पाडलेला डबा ओल्या फडक्याने गुंडाळून न्यावा. गांडूळ कातडीवाटे श्वास घेते. डबा उन्हात राहिला तर तासाभरात सर्व आमिष वाया जाते. वामसाठी गांडूळ दोन ठिकाणी टोचून शेपटी मोकळी सोडावी. चिलापीसाठी अर्धे पुरे.

उरलेली गांडुळे काठावर फेकू नयेत, परत खोक्यात आणावीत. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या आसपासच्या अरण्यांत हिमयुगानंतर मूळची गांडुळे उरली नव्हती. तेथे परकी गांडुळे पसरण्यास गळ टाकणाऱ्यांनी फेकलेले उरलेले आमिषही कारण झाले, आणि त्या गांडुळांनी झाडांखालचा पाचोळ्याचा थर खाऊन कोवळी रोपे उघडी पाडली. आपल्याकडील जमिनीत गांडुळे मूळचीच आहेत, तरी परदेशी जात नदीकाठी सोडण्याचे कारण नाही.

धरणाच्या पाण्यातील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा डबा भरण्याआधी तेथील संस्थेकडे चौकशी करून परवानगी घ्यावी.