आकडा विसरा, मुळं बघा

शनिवार पेठेतल्या एका पालकांनी विचारलंय, मुलाच्या विज्ञान दिनाच्या भाषणात ‘कार्व्हरने पीनट बटरचा शोध लावला’ असं वाक्य आहे, ठेवावं का?

खोडा. शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट माँट्रियलच्या मार्सेलस एडसनने 1884 मध्येच घेतलं होतं, तेव्हा हा अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ कॉलेजातही पोचला नव्हता. ‘शेंगदाण्यापासून तीनशे उत्पादनं’ हा आकडाही टाळ्या घेण्यापुरताच. त्या यादीत पाककृतींचा भरणा मोठा. कार्व्हरची पेटंटं अवघी तीन.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली आलं आणि हा माणूस मराठी घरांत आपलाच झाला, म्हणून हे लिहिताना जरा जिवावर येतं. पण त्याचं खरं काम त्या आकड्याखाली झाकून जातं. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमीन निकस झालेली, शेतकरी कर्जात. कार्व्हर म्हणाला, भुईमूग पेरा. मग एवढ्या शेंगांचं करायचं काय? म्हणून 1916 ची ती पुस्तिका: भुईमूग पिकवायचा कसा आणि खायचा कसा, एकशेपाच प्रकारांनी.

खरी गंमत भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींत आहे. तिथले रायझोबियम जिवाणू झाडाची साखर खातात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. पेठेतल्या वाड्यांत इतका चोख भाडं देणारा भाडेकरू सापडायचा नाही! नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. ऑक्सिजन वाढला तर नायट्रोजन बांधणारं विकर बिघडतं, म्हणून ऑक्सिजनवर त्याचा हा पहारा.

टिळकांची न उचललेली टरफलं रमणबागेच्या शेजारपाजारच्या पोरांना तोंडपाठ असणारच. त्याच टरफलांच्या दाबून केलेल्या कांड्या आज ‘पांढरा कोळसा’ म्हणून बॉयलरमध्ये जळतात, हे भाषणात खुशाल घाला.

आणि गच्चीतल्या कुंडीत दाणे लावा. कच्चे, भाजलेले नव्हेत. महिन्याभरात पिवळी फुलं येतील, मग फुलांतून निघालेल्या आऱ्या खाली वळून मातीत घुसतील. तेव्हा गाठी बघायला एक रोप हलकेच उपटायचं. कुंडीतल्या विकतच्या मातीत हे जिवाणू नसले तर गाठी धरत नाहीत. त्यासाठी पेरण्याआधी दाण्यांना भुईमुगाचं रायझोबियम संवर्धक चोळा. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करा.